तांब्याला काही होणार नाही

माघातला शेवटचा रविवार, सकाळची चहाची वेळ. स्थळ: हैदराबादचं हिमायतनगर, इंदूआत्याच्या घराची पुढची खोली. हजर: आत्या स्वतः, खुर्चीत, पायांवर शाल, मी, माझा नवरा श्रीकांत, आणि शेजारच्या लक्ष्मीगारू, म्हणजे आपल्याकडच्या लक्ष्मीबाई. त्यांनी इडल्या आणल्या होत्या आणि त्या संपल्याशिवाय त्या उठणार नव्हत्या. टेबलावर ॲल्युमिनियमचं एक जुनं पातेलं, त्यात गरम पाणी, सोडा, मीठ आणि लक्ष्मीगारूंचं काळं पडलेलं चांदीचं निरांजन. लक्ष्मीगारूंचा हात सारखा पातेल्याकडे जात होता आणि आत्या तो सारखा परत पाठवत होती. "घासायचं नाही, लक्ष्मी. चांदीनं गंधकाला धरून ठेवलंय. ॲल्युमिनियम इलेक्ट्रॉन देईल, चांदी मोकळी होईल. त्याला त्याचं काम करू दे." थोड्या वेळानं निरांजन बाहेर आलं ते पांढरंशुभ्र. लक्ष्मीगारू "अय्यो!" म्हणाल्या आणि आत्याचा चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या मुलीसारखा झाला. गुरुवारी सकाळी लक्ष्मीगारूंचाच फोन आला. आत्या झोपेतच गेली होती. फोनवर त्या रडत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "काल संध्याकाळी माझी चांदीची समईसुद्धा उजळून दिली हो, सुमा..."

इंदूआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. नारायणगुड्याजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात तिनं सगळी नोकरी रसायनशास्त्र शिकवण्यात काढली. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर "वेळ नव्हता" एवढंच सांगायची, आणि ते खरंही असावं, कारण तिच्या घरात कधीही गेलं तरी दोन-चार मुली पाटीपेन्सिल घेतल्यासारख्या जमिनीवर बसलेल्या असायच्या. आमचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, शेतीवाडीतलं. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे आत्याचं मराठी परभणीचं, ओरडणं दखनीतलं आणि भाजीवाल्याशी घासाघीस तेलुगूतली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर इतरांकडे देवाचं कॅलेंडर असतं, तिथे आत्याकडे प्रमाण इलेक्ट्रोड विभवांचा तक्ता होता. तिनं स्वतः शाईनं लिहिलेला, फोडणीच्या तेलानं पिवळा पडलेला. इलेक्ट्रॉन सोडून द्यायला कोण किती उतावीळ आहे आणि कोण ते घ्यायला किती उत्सुक आहे, याची ती उतरंड. वर लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम अशी उधळी मंडळी, मधे जस्त आणि लोखंड, बरोबर शून्यावर हायड्रोजन, खाली तांबं, चांदी, सोनं. जस्ताचा आकडा उणे ०.७६, लोखंडाचा उणे ०.४४, तांब्याचा अधिक ०.३४. घेणाऱ्याच्या आकड्यातून देणाऱ्याचा आकडा वजा करायचा. उत्तर धन आलं तर अभिक्रिया आपणहून होईल, ऋण आलं तर होणार नाही. ही वजाबाकी मी भांडी विसळता विसळता शिकले.

नव्वद सालानंतर शहरात कोचिंगच्या इमारती उभ्या राहिल्या. प्रयोगशाळा नाही, बाके नाहीत, नुसते पर्याय आणि गोल काळे करायचे. तिथल्या मुली आत्याकडे शंका विचारायला यायच्या. तक्ता गाण्यासारखा पाठ असायचा त्यांना. आत्या वैतागायची. "पाठ कामून करायलीस गं? भिंतीवर हाय ना. हजेरी घ्यायला शिक." हजेरी हा तिचा खास शब्द. भांड्यात कोण कोण आहे त्याची आधी नावं घ्यायची, मग तक्ता बघायचा. एकदा एका मुलीनं ठामपणे सांगितलं, "मॅडम, तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणून आम्लाचा त्याच्यावर परिणाम नाही." आत्यानं बिनकल्हईच्या तांब्याच्या पातेल्यात चिंचेचा कोळ ओतून ठेवला आणि तिला दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. सकाळी कोळाच्या काठाशी, बरोबर जिथं पाणी संपतं आणि हवा सुरू होते तिथं, हिरवं कडं उमटलं होतं. "आपल्या आज्ज्या म्हणायच्या, आमटी कळकली. त्या बरोबर होत्या, तूही बरोबर हायेस. आम्लातल्या हायड्रोजनला तांबं दाद देत नाही. पण भांड्यात अजून कोण होतं?" मुलगी पातेल्याकडे बघत राहिली. "हवा, मॅडम." "हौ. ऑक्सिजनचा आकडा एक पूर्णांक तेवीस. त्याला तू गैरहजर लावलंस." त्या मुलीनं पुढं औषधांच्या कारखान्यात मोठं पद मिळवलं. आत्या गेल्यावर भेटायला आली तेव्हा तिनं हाच प्रसंग सांगितला, आणि तो सांगताना तिच्या बोटानं हवेत ते कडं काढलं.

आता श्रीकांतचा विषय. हा माणूस पुण्याचा, इंजिनिअर, इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला होता. उदारीकरणानंतर कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या, लोकांना स्वेच्छानिवृत्तीची पत्रकं वाटायला सुरुवात झाली, आणि श्रीकांतनं कुणी सांगायच्या आधीच राजीनामा दिला. सगळा फंड कुकटपल्लीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये घातला आणि डेझर्ट कूलर बनवायला घेतले. हैदराबादच्या उन्हाळ्यात कूलरला मरण नाही, हा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता, पण तेव्हा बाजारात परदेशी नावांचे पंखे, फ्रीज आणि चकचकीत जाहिराती येऊन पडल्या होत्या आणि आमचा कूलर म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची टाकी, एक पंप आणि गवताच्या जाळ्या. श्रीकांतला तो वेगळा दिसायला हवा होता. म्हणून त्यानं पंपापासून वरच्या जाळीपर्यंत पाणी नेणारी नळी तांब्याची केली, टाकीच्या तळाला तांब्याचाच जोड बसवला, आणि समोर एक खिडकी ठेवली, त्यातून नळी झळकायची. दिसायचा सुंदर, हे मान्य करते. मलकपेठच्या एका फंक्शन हॉलच्या मालकांनी तो बघितला आणि लग्नसराईसाठी सगळ्या हॉलभरचे कूलर सांगितले. ही आमची पहिली मोठी ऑर्डर. ती नीट गेली तर शहरातले बाकीचे हॉल रांगेत येणार होते, आणि बिघडली तर ऐन लग्नात शेकडो पाहुण्यांसमोर बिघडणार होती. मी तेव्हा शेडचं ऑफिस बघत होते. कुठला माल कधी उचलायचा ते सगळं भिंतीवर लावलेलं होतं. बिघडलं तर पुढं काय, याला भिंतीवर जागाच नव्हती.

ऑर्डर मिळाल्याबद्दल आत्यानं सगळ्यांना जेवायला बोलावलं. श्रीकांतनं नमुन्याचा कूलर सोबत आणला होता. तो पुढच्या खोलीत लावला, आणि माझे आईवडील तोंडभरून कौतुक करू लागले. जावयानं केलेली वस्तू, आमच्याकडे तिच्यात खोट काढायची पद्धत नाही. आत्या मात्र हात पुसत आली, वाकली, टाकीत डोकावली आणि म्हणाली, "जावईबापू, तांबं कामून लावायलात?"

"तांबं गंजत नाही, आत्या."

"हौ. तांब्याला काहीच होणार नाही. त्याचीच भीती हाय."

माझे वडील खोकले. आई घाईघाईनं म्हणाली, "श्रीकांतराव, अजून एक पुरी घ्या ना."

"पुरी घ्या," आत्या म्हणाली, "पण हेही ऐका. टाकीवर जस्त हाय, खाली लोखंड हाय, अन् तुम्ही त्यांना तांब्याचा हात धरायला लावलाय, वरून पाण्यात उभं केलंय. आधी जस्त जाईल, मग लोखंड. तांबं शेवटपर्यंत झळकत राहील. होळीपर्यंत जोडाभोवती भोक पडलंय म्हणून समजा."

"आत्या, पुस्तकातली जस्त-तांबं वेगळी. हे नळाचं पाणी आहे, तुमचं कॉपर सल्फेट नाही."

"इंदूताई, त्यांनी अभ्यास केला असेल," वडील पुटपुटले.

"मी जावयाशी कुठं भांडायले? माझं जस्ताविषयी चालू हाय."

श्रीकांत हसला, पण त्यानं पुरी घेतली नाही. माझ्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, आणि माझ्या माहेरात कुणी त्याला इतकं सरळ बोललेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

आत्यानं गच्चीवर लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या मांडल्या. एकीत टाकीच्या पत्र्याचा नुसता तुकडा, दुसरीत नुसती तांब्याची पट्टी, तिसरीत दोन्ही एकमेकांना स्क्रूनं आवळलेली. तिन्हींत पाणी. श्रीकांत दर रविवारी मुद्दाम बघायला यायचा. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी काही नाही. तिसऱ्या रविवारी पत्रा जरासा मंद झाला होता, एवढंच. होळी आली आणि गेली. "आत्या, तुमचं जस्त झोपलंय का? रंग टाकून उठवू?" असं म्हणून त्यानं तिच्या गालाला गुलाल लावला. सगळे हसले. आत्याही हसली, पण मी तिला ओळखते, तिचं लक्ष बरणीवर होतं. शेडमध्ये कूलर तयार होत होते, हॉलला पोचवायचा दिवस जवळ येत होता, आणि आता श्रीकांतला थांबवणारं कुणी उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी सकाळी तिचा फोन. "सुमे, माझी हजेरी चुकली. मी स्वतःच एकाला गैरहजर लावलं." मला काही कळेना. "अगं, बरण्यांत मी आपलं घरचं नळाचं गोड पाणी भरलंय. मलकपेठच्या हॉलला कुठलं पाणी हाय?" बोअरचं, मी म्हटलं. "अन् कूलर काय करतो? पाणी उडवतो, मीठ मागं ठेवतो. तक्ता सांगतो होणार की नाही. किती वेगानं ते तक्ता नाही सांगत, ते पाणी सांगतं. अन् मी तारीख देऊन बसले, शहाणी!" स्वतःची चूक सापडल्याचा एवढा आनंद मी दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकलेला नाही.

मग ती कॅन घेऊन बसनं मलकपेठला गेली. मी सोबत होते, कारण कॅन भरल्यावर तिला उचलवला नसता. हॉलच्या वॉचमननं आम्हाला हटकलं. "अम्मा, ये पानी पीने का नै जी, खारा है." आत्या म्हणाली, "पीने कू नक्को जी. लोहे कू पिलाना है." तो बिचारा आम्हाला वाट देऊन मागं सरकला आणि कॅन भरून होईपर्यंत लांबूनच बघत राहिला. घरी येऊन आत्यानं ते पाणी उकळून अर्ध्यावर आणलं आणि बरण्या नव्यानं भरल्या. या वेळी जस्त झोपलं नाही. तिसऱ्या बरणीत, जिथं तांबं पत्र्याला टेकलं होतं तिथं, आधी पांढरी बुरशीसारखी पूड आली, ती गळून खाली बसली, आणि तिच्या खालून तपकिरी ठिपका वर आला. नुसता पत्रा अजून बरा होता. तांब्याची पट्टी मजेत होती.

तिनं श्रीकांतला बोलावलं नाही. मला म्हणाली, "तू ने. माझ्यासमोर बघायला लावू नको." मी बरणी शेडमध्ये त्याच्या टेबलावर ठेवली. तो बराच वेळ ती फिरवून बघत होता. आमचे फिटर रहीमभाई डोकावले. "साब, ये अचार कौन डाले?" श्रीकांत म्हणाला, "आत्यांनी." मग त्यानं पाना उचलला आणि पहिल्या कूलरची नळी स्वतः उपसून काढली. बाकीच्यांच्या रहीमभाईंनी काढल्या. तळाचे जोड आणि नळ्या, सगळं प्लॅस्टिकचं बसवलं. समोरच्या खिडक्या पत्र्यानं बुजवल्या. माल दिसायला अगदी साधा झाला.

आणि हॉलचे मालक भडकले. ते माल उचलायला शेडवर आले होते. "क्या सेठ? तांबा दिखाके प्लास्टिक चिपकारे? ऑर्डर कॅन्सल." श्रीकांतनं गंज, विभव, विद्युतप्रवाह असं काहीबाही सांगायचा प्रयत्न केला. मालकांची नजर आणखी संशयी झाली. त्या दिवशी आत्या, बोलावलं नसताना, शेडवर आलेली होती. बसायला जागा नव्हती म्हणून ती एका उलट्या टाकीवर बसली होती. ती म्हणाली, "सेठजी, आपके घर में दामाद है?"

"दो हैं, मेडम."

"तो फिर समझो. ये तांबा दामाद है. आके बैठता, चमकता. खुद कुछ नै खाता, लेकिन पानी में जो हवा है ना, वो उसके दोस्तां. दोस्तां कू बुलाके खिलाता. खर्चा किसका? ससुराल का. पहले जस्ता खाली, बाद में लोहा खाली. दामाद कू कुछ नै होता. वैसाच चमकते बैठता."

मालक असे हसले की रहीमभाईंना त्यांना खुर्ची द्यावी लागली. "बिल्कुल सही बोले मेडम! दोस्तां तक सही बोले!" माल त्यांनी त्याच दिवशी उचलला, आणि पुढं दोन वर्षं जो भेटेल त्याला "दामाद नै सो कूलर", म्हणजे बिनजावयाचा कूलर, म्हणून आमचा माल सुचवला. श्रीकांतचे कान मात्र लाल झाले होते. गाडी गेली. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि ते कायमचं राहणार. तो आत्यासमोर जाऊन उभा राहिला. "आत्या, दामाद कुणाला म्हणालात?"

"तांब्याला," आत्या म्हणाली. "तुम्ही तर पाना हातात घेतला. तांब्यानं कधी घेतलाय?"

तो हसला. अगदी मोकळा, पुणेरी शिष्टपणा नसलेला. त्या दिवसापासून तो तिला "आत्या" ऐवजी "अहो मॅडम" म्हणू लागला, आणि ती त्याला नुसतं "श्रीकांत".

राहिला होता तो नमुन्याचा एकच कूलर, तांब्यासकट. श्रीकांत तो मोडून टाकणार होता. आत्यानं मागून घेतला. "तक्त्यानं सांगितलं होणार. कधी होणार, ते मला बघायचंय." श्रीकांतनं साफ नकार दिला. गळणारी वस्तू तो तिच्या घरात ठेवणार नव्हता. "मग गळू देऊ नको," ती म्हणाली. त्यावर त्यानं विचार केला, आणि टाकीच्या आतून जस्ताचा एक जाड तुकडा बोल्टनं आवळून बसवला. म्हणजे खर्च व्हायचं ते त्या तुकड्यानं व्हावं आणि टाकी वाचावी. तुकडा संपत आला की बदलायचा. संपतो साधारण वर्षाला. तेव्हापासून पाडव्याच्या, म्हणजे इथल्या उगादीच्या, आधीच्या रविवारी श्रीकांत नवा तुकडा घेऊन हिमायतनगरला जाणार, हे ठरून गेलं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा त्याला विसर पडला आहे, याचा नाही. पुढं घरोघरी एसी आले, आम्ही कूलर सोडून सौर बंबांच्या धंद्यात गेलो, आत्याला एसी देऊ केला तर म्हणाली, "त्यात बघण्यासारखं काय हाय?" जुना तुकडा निघाला की ती तो तळहातावर घ्यायची. कुरतडलेल्या बिस्किटासारखा झालेला असायचा. मग जमिनीवर बसलेल्या मुलींकडे तो फिरायचा. टाकीला आजतागायत भोक पडलेलं नाही.

ती असती तर या लेखात मला एवढं गोड लिहू दिलं नसतं. हट्टी होती. कुणी चुकीचं बोललं की त्याला पूर्ण बोलू देण्याइतका दम तिला नव्हता. माझ्या वडिलांना तिनं साठीनंतरही बाळ्या म्हणून हाक मारली, तीही बाहेरच्यांसमोर. पण जे आपल्याला बोचेल ते तोंडावर सांगून, वर त्याच माणसाला पुढची वीसेक वर्षं आपल्याकडे दर उन्हाळ्यात यायला लावणं... हे मला अजून कुणाला जमलेलं दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही तिचं घर आवरलं. पुस्तकं कॉलेजला गेली, भांडी नातेवाइकांत, तक्ता त्या औषध कारखान्यातल्या मुलीनं मागून नेला. कूलर लक्ष्मीगारूंनी मागितला. त्यांच्याकडे ऊन मागच्या बाजूनं येतं. मी लगेच हो म्हटलं. घरी आल्यावर श्रीकांतनं जस्ताचा नेहमीच्या मापाचा तुकडा कापला, भोक पाडलं, कानशीनं कडा मऊ केल्या आणि तो जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवला. पाडव्याच्या आधीचा रविवार होऊन गेला. लक्ष्मीगारूंचा दोनदा फोन आला, कूलर खिडकीत बसवून झालाय, पाणी भरू का म्हणून. मी म्हटलं, थांबा, आधी एक काम आहे. श्रीकांतला विचारलं तर तो म्हणाला, "त्यांनाही सांगावं लागेल, दर वर्षी बदलायचा असतो." मी म्हटलं, "मग जा ना दर वर्षी." त्यानं मान हलवली, तुकडा हातात घेऊन वजन केल्यासारखा जरा खालीवर केला आणि परत जागेवर ठेवला. जेवताना आम्ही तो बाजूला सरकवतो, जेवण झालं की पुन्हा होता तिथं ठेवतो. ऊन वाढलंय. टाकी अजून कोरडीच आहे.